उझबेकिस्तानची सफर आणि कारागिराचा वाटा



या पानावर आपण सुताचे भाव, कराचे नियम आणि बँकांची कर्जे यांविषयी वाचता. आजचा विषय थोडा निराळा आहे, पण तो आपल्या धंद्याबाहेरचा नाही. एखादा देश आपले डोंगर, वाळवंट, जुनी शहरे आणि हातची कला परदेशी पाहुण्यापुढे मांडतो तेव्हा त्या पैशातून कारागिराच्या हाती काय पडते, हा आजचा प्रश्न. उदाहरण म्हणून उझबेकिस्तान घेतला आहे, कारण २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तिकडे बारा दिवस फिरलो. कपड्याच्या धंद्यात उभी हयात गेल्याने इमारतींपेक्षा कापडाकडे आमचे डोळे जास्त वळले, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे राहणे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. आमच्या शहरातली पानचक्की सर्वांना ठाऊक आहे. तिथे ज्यांची दर्गाह आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याकडच्या गिज्दुवान गावचे. लहानपणी शाळेतून येताना आम्ही त्या हौदावर पाणी पीत असू, पण हा बुजुर्ग कुठून चालत आला याचा विचार कधी केला नव्हता. बुखाऱ्याच्या रस्त्यावर गिज्दुवानची पाटी दिसली आणि आम्ही गाडी थांबवायला लावली. आमचा पुतण्या सोबत होता. तो म्हणाला, "चाचा, इथे पाहायला काय आहे?" तो आपल्या जागी बरोबर होता. बाजाराचा साधा गाव होता.

आधी देशाचा नकाशा समजून घ्यावा. उझबेकिस्तानचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. लोकसंख्या मात्र साडेतीन कोटींहून अधिक. समुद्र कुठेच नाही. इतकेच नव्हे, त्याच्या शेजारच्या कोणत्याही देशाला खुल्या महासागराचा किनारा नाही. समुद्र गाठायचा तर दोन देश ओलांडावे लागतात असे जगात दोनच देश आहेत, एक हा आणि दुसरा युरोपातला लिखटेनस्टाइन. ज्याला बंदर नाही त्या देशाच्या मालाला वाहतूक महाग पडते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. म्हणून माल बाहेर पाठवण्यापेक्षा गिऱ्हाईकच घरी बोलावणे त्यांना फायद्याचे आहे. पर्यटनाचा खरा हिशेब असा आहे.

देशाचा मोठा भाग किझिलकुम वाळवंटाने व्यापला आहे. नावाचा अर्थ लाल वाळू. पूर्वेला तियानशानचे डोंगर आणि त्यांच्या कुशीत फरगाना खोरे, जिथे रेशीम, जर्दाळू, डाळिंब आणि माणसे सगळेच दाट. ताश्कंदपासून दोनएक तासांवर चिमगानचे डोंगर आणि चारवाकचा निळा जलाशय आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ पडते. आमुदर्या आणि सिरदर्या या दोन नद्यांवर सारा मुलुख जगतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळा कडक. जायचे तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. नुराता डोंगराजवळ आयदारकुल नावाचे सरोवर आहे, त्याच्या आसपास धनगरी तंबूंत पाहुण्यांना ठेवतात. हे सरोवर कोणी मुद्दाम केलेले नाही. १९६९ च्या पुरात चारदारा धरणातून पाणी सोडावे लागले, ते खोलगट वाळवंटात साचले आणि तळे झाले.

मेलेला समुद्र

आणि जे मुद्दाम केले त्यातून एक समुद्र मेला. अरल समुद्राविषयी आम्ही जरा थांबून लिहिणार आहोत, कारण तो कापसासाठी गेला आहे आणि आपण कापसावर जगणारे लोक आहोत.

१९६० साली अरल हे जगातले चौथ्या क्रमांकाचे मोठे सरोवर होते, सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर. सोव्हिएत सरकारने दोन्ही नद्यांचे पाणी कालव्यांनी कापसाच्या शेतांकडे वळवले. पाणी समुद्रापर्यंत पोहोचेनासे झाले. मोयनाक हे तिथले मासेमारीचे बंदर. तिथे मासे डबाबंद करण्याचा कारखाना होता. आज किनारा तिथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर गेला आहे आणि गंजलेली गलबते वाळूत उभी आहेत. वाऱ्याबरोबर मीठ आणि शेतातल्या औषधांची धूळ उडते, तिने आसपासच्या लोकांची तब्येत बिघडली. उत्तरेच्या कझाकस्तानाने २००५ साली कोकअरल धरण बांधून आपल्याकडचा लहान भाग थोडाफार वाचवला. उझबेकी बाजूला आता कोरड्या तळावर सक्साऊल नावाची वाळवंटी झुडपे लावतात, म्हणजे निदान धूळ तरी बसावी.

लोक हे पाहायला येतात. नुकुस शहरापासून मोटारीने अर्धा दिवस मोडतो. गंजलेल्या जहाजांपुढे उभे राहून तरुण मुले फोटो काढत होती. हे पर्यटन म्हणावे की मयतीला जाणे, हा प्रश्न आमच्या मनात आला. पण आमचा गाडीवाला त्याच गावचा होता. त्याच्या वडिलांनी मासेमारी केली, तो पाहुण्यांना आणून पोट भरतो. त्याला आम्ही काय नैतिक धडा देणार? नुकुसमध्ये साविट्स्की संग्रहालय आहे, १९६६ साली सुरू झालेले. सोव्हिएत काळात नापसंत ठरलेली रशियन चित्रे आणि कराकल्पाक लोकांचे भरतकाम, दागिने, गालिचे तिथे जपले आहेत. वाळवंटाच्या टोकाला असा खजिना असेल असे वाटत नाही. कपड्याच्या माणसाने तिथे एक पूर्ण दिवस द्यावा.

कापसाची गोष्ट अजून संपलेली नाही. त्या देशाच्या राजचिन्हात कापसाची फांदी आहे, ताश्कंदच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाचे नावच कापूस पिकवणाऱ्यांवरून ठेवले आहे, आणि कोणत्याही चहाखान्यात बसा, निळ्या पियाल्यावर कापसाचे बोंड रंगवलेले दिसते. याच कापसाच्या वेचणीसाठी अनेक वर्षे शाळकरी मुले, शिक्षक आणि दवाखान्यांतले कर्मचारी शेतावर सक्तीने पाठवले जात. जगातल्या अनेक कपडा कंपन्यांनी त्या कापसावर बहिष्कार घातला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ च्या हंगामात सरकारी पातळीवरची सक्ती संपल्याचे सांगितले आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्काराची हाक मागे घेतली गेली. आता कच्चा कापूस बाहेर पाठवण्याऐवजी सूत, कापड आणि तयार कपडे करून विकण्यावर त्यांचा भर आहे. म्हणजे भिवंडी-मालेगावच्या मालाला तो एक प्रतिस्पर्धी तयार होत आहे. सफरीला गेलो तरी हे नजरेआड करता येत नाही.

शहरे आणि त्यांचे बाजार

ताश्कंद हे शहर १९६६ च्या एप्रिलमधल्या भूकंपात फार पडले, म्हणून रस्ते रुंद आणि घरे नवी. आपल्यासाठी ते शहर लालबहादूर शास्त्रींचे. १० जानेवारी १९६६ रोजी तिथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी शास्त्रीजींचे तिथे निधन झाले. त्यांचा पुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे. टॅक्सीवाल्याने आम्हाला हिंदुस्थानी म्हणून ओळखताच राज कपूरचे नाव घेतले. हजरती इमाम परिसरात चामड्यावर लिहिलेला अत्यंत प्राचीन कुराण ठेवला आहे, तो पाहताना दालनात कोणी बोलत नव्हते.

समरकंदच्या रेगिस्तान चौकाचे फोटो सर्वांनी पाहिले असतील. तीन मदरसे एकमेकांसमोर उभे आहेत: उलुगबेगचा १४२० चा, शेरदोर १६३६ चा आणि तिल्लाकारी १६६० चा. निळ्या टाइल्सवर ऊन पडले की आकाश कुठे संपते ते कळत नाही. उलुगबेग राजा असून खगोलशास्त्री होता. त्याच्या वेधशाळेचे जमिनीखालचे अवशेष १९०८ साली सापडले. तैमूरची कबर, बीबी खानमची मशीद आणि शाही जिंदा या थडग्यांच्या गल्लीविषयी पुस्तकांत पुष्कळ आहे, ते इथे उतरवून काढत नाही. एकच गोष्ट सांगतो. १३९८ साली दिल्ली लुटून तैमूरने तिथले दगडकाम करणारे कारीगर समरकंदला नेले, तसेच दमिश्क आणि शिराजचेही नेले. ज्या इमारती पाहायला जग येते त्या पकडून आणलेल्या उस्तादांच्या हातच्या आहेत. मार्गदर्शक मुलीने आम्हाला बादशहांची नावे भरभर सांगितली. कारागिरांची नावे विचारली तर ती हसली.

इथे आमच्या उर्दू शाळेचा उपयोग झाला. १९९३ पासून त्या देशाने लॅटिन लिपी घेतली, त्याआधी रशियन लिपी होती, त्यामुळे आजच्या पिढीला स्वतःच्या इमारतींवरचे अरबी-फारसी लेख वाचता येत नाहीत. आम्ही एका कमानीवरचा शब्द मोठ्याने वाचला तर चार माणसे जमली. बाजारात तर मजाच. सौदागराला ते 'सावदोगार' म्हणतात, दुकानाला 'दुकोन', स्वस्ताला 'अर्झोन', भावाला 'नार्ख', म्हणजे आपला निर्ख. 'किम्मत' म्हणजे मात्र महाग! आणि आभार मानायचे तर 'रहमत'. मराठी आम्ही शाळेत कमी आणि गल्ल्यावर जास्त शिकलो, तशी उझबेकी भाषाही चार दिवसांत घासाघीस करण्यापुरती जमली.

व्यापाऱ्याने एकच शहर पाहायचे तर बुखारा पाहावे. तिथे सोळाव्या शतकातले घुमटबाजार अजून उभे आहेत. रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकावरच घुमट बांधला, म्हणजे उन्हात सावली, थंडीत आडोसा आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दुकानासमोरून जाणारच. तोकी सर्राफोन हा सर्राफांचा, तोकी तेल्पकफुरुशोन टोपीवाल्यांचा, तोकी जर्गरोन सोनारांचा, आणि शेजारी अब्दुल्लाखानाचा 'तिम' हा रेशमी कापडाचा. जिथे रस्ता फुटतो तिथे सर्राफ बसला, कारण बाहेरून येणाऱ्याला आधी नाणे बदलावे लागे. एकेकाळी मुलतान आणि शिकारपूरचे हिंदुस्थानी व्यापारी इथे राहत, त्यांची स्वतंत्र सराई होती. ते नीळ आणि सुती कापड आणत. ११२७ साली बांधलेला कल्याण मिनार, त्याहूनही जुना सामानींचा विटांचा मकबरा, हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. जुन्या सौदागरांच्या वाड्यांमध्ये घरगुती मुसाफिरखाने निघाले आहेत. घरातली बाई नाश्त्याला तंदूरची नान आणि जर्दाळूचा मुरब्बा देते. पैसा थेट त्या घरात जातो, हे आम्हाला आवडले.

एक गोष्ट खटकली तीही लिहितो. समरकंद-बुखाऱ्याच्या अनेक मदरशांच्या हुजऱ्यांमध्ये, म्हणजे जिथे विद्यार्थी राहत त्या खोल्यांमध्ये, आता चादरी आणि चहाच्या किटल्या विकायला टांगल्या आहेत. आधी आम्हाला राग आला. मग एका दुकानदार बाईने सांगितले की सोव्हिएत काळात यातल्या कितीतरी इमारती गोदामे म्हणून वापरल्या जात होत्या. दुकाने आली म्हणून छप्पर शाबूत राहिले, हेही खरे. तरीही निदान एखाद्या मदरशात खोलीभर पुस्तके ठेवायला हरकत नव्हती, असे आमचे मत आहे.

खिवा हे तटबंदीतले शहर वाळवंटाच्या कडेला. तिथल्या जुमा मशिदीत दोनशेहून अधिक कोरीव लाकडी खांब आहेत आणि 'काल्ता मिनार' नावाचा निळा मिनार अर्धवटच राहिला आहे. आतले शहर १९९० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, बुखारा १९९३ साली, समरकंद २००१ साली.

मार्गिलानचे रेशीम

आता आमच्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. फरगाना खोऱ्यातले मार्गिलान हे रेशमाचे गाव. तिथल्या विणकामाला ते 'अब्रबंदी' म्हणतात. अब्र म्हणजे ढग, बंदी म्हणजे बांधणे. उर्दू येणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकूनच काम समजते. कोष उकळत्या पाण्यात टाकून तंतू काढतात, त्याचा ताणा लाकडी चौकटीवर ताणतात. निशाणी करणारा कोळशाने ताण्यावर नक्षी आखतो. मग जो भाग रंगवायचा नाही तो घट्ट बांधतात आणि आधी फिका रंग, नंतर गडद, असे टप्प्याटप्प्याने बुडवतात. प्रत्येक रंगाला पुन्हा सोडणे, पुन्हा बांधणे. पिवळा डाळिंबाच्या सालीचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, लाल मंजिष्ठेचा, निळा नीळीचा. रंगलेला ताणा मागावर चढतो तेव्हा धागे किंचित सरकतात आणि नक्षीच्या कडा ढगासारख्या विरघळतात. पाटणच्या पटोल्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधतात, इथे फक्त ताणा. नक्षी बदामाची, डाळिंबाची, मेंढ्याच्या शिंगाची.

पूर्ण रेशमाचे ते 'अत्लस'. रेशमी ताणा आणि सुती बाणा असेल तर 'अद्रस'. हे ऐकताच आम्हाला आपली मशरू आणि हिमरू आठवली. पुरुषाला निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून सूत मिसळून कापड काढायचे, ही युक्ती दख्खनमध्येही आहे आणि फरगान्यातही.

सोव्हिएत राजवटीत घरगुती कारखाने बंद झाले, कारागीर सहकारी संस्थांत आणि गिरण्यांत गेले, नैसर्गिक रंग मागे पडले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा जुनी पद्धत जाणणारे थोडेच म्हातारे उस्ताद उरले होते. त्यांच्याकडून नव्या पिढीने शिकून घेतले. मार्गिलानच्या हस्तकला केंद्राने मुलामुलींना उस्तादाजवळ बसवून हे काम शिकवले, त्याची दखल युनेस्कोने २०१७ साली वारसा जपण्याच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत घेतली. आज पाहुण्याला हे सगळे कोषापासून ठाणापर्यंत दाखवतात. चुलीवरची कढई, बांधणारी बाई, मागावरचा मुलगा, आणि शेवटी दुकान. कोणी घाई करत नाही. कापडाची किंमत बाजारापेक्षा बरीच जास्त, तरी लोक निमूट देतात, कारण अर्धा तास त्यांनी मेहनत डोळ्यांनी पाहिलेली असते.

इथे आमची फजिती झाली ती सांगितली पाहिजे. उस्तादाला भेट द्यायची म्हणून आम्ही घरून एक शाल नेली होती, हिमरू म्हणून. अशा शाली आम्ही कित्येक वर्षे आमच्या दुकानातून अजंठा-वेरूळला येणाऱ्या पाहुण्यांना विकल्या आहेत. म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला आणि एकच शब्द बोलला, "मशीन." मग शाल नीट घडी घालून छातीशी धरली आणि 'रहमत' म्हणाला. त्याने अपमान केला नाही. पण पुतण्या आमच्याकडे बघत होता आणि आम्ही जमिनीकडे.

खरे तर ती शाल यंत्रमागाची आहे हे आम्हाला माहीत होते. गिऱ्हाईक विचारत नसे, आम्ही सांगत नसू. हातमागाची हिमरू काढणारी घरे आमच्या शहरात आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. एक शाल विणायला लागणारे दिवस आणि तिची किंमत यांचा मेळ बसत नाही, कारण शेजारच्या दुकानात तशीच दिसणारी शाल चौथाई भावात टांगलेली असते. ती टांगणाऱ्यांत आम्हीही होतो. यंत्रमागाचा माल वाईट नाही, लाखो घरांची रोजी त्यावर चालते. पण तो हातमागाच्या नावाने विकला की विणकराचे पोट कापले जाते.

दुसऱ्याच दिवशी त्याची परतफेड झाली. दुसऱ्या एका शहराच्या बाजारात आम्ही 'अद्रस' म्हणून बारा मीटर कापड घेतले. मुक्कामावर येऊन धागा जाळला तर त्याची काळी कडक गोळी झाली. पॉलिएस्टरवर छापलेली नक्कल होती. तिकडेही हा रोग आहे, आणि नकली माल बराचसा बाहेरून येतो. तीस वर्षे कापड विकणाऱ्याने धागा आधी जाळायला हवा होता, पण परगावी माणूस गिऱ्हाईक होतो. खरी अब्रबंदी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकी असते. रेशीम जळले की केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. हातमागाचा पन्हा अरुंद असतो. घेण्याआधी एवढे पाहावे.

फरगान्यातच रिश्तान हे कुंभारांचे गाव आहे, निळ्या-हिरव्या चकाकीची भांडी तिथली. चुस्तला चाकू आणि चौकोनी टोप्या होतात. समरकंदजवळ कोनीगिलमध्ये तुतीच्या सालीपासून जुन्या रीतीने कागद करतात. बुखाऱ्याचे जरीकाम तर आपल्या जरदोजीचेच भावंड. या सगळ्यांना एका जागी पाहायचे तर कोकंदचा आंतरराष्ट्रीय हस्तकला मेळा आहे, तो २०१९ पासून भरू लागला.

सरकारने काय केले

हे सगळे पूर्वीही होते, मग पाहुणे आताच का वाढले? याचे उत्तर इमारतींत नाही, कायद्यांत आहे. पूर्वी व्हिसासाठी निमंत्रणपत्रे, कचेऱ्यांचे हेलपाटे, आणि प्रत्येक मुक्कामाची चिठ्ठी जपून ठेवावी लागे. त्याहून मोठी अडचण चलनाची. डॉलरचा सरकारी भाव एक आणि काळ्या बाजाराचा जवळजवळ दुप्पट. प्रामाणिकपणे बँकेत पैसे बदलणाऱ्या पाहुण्याला सारे महाग पडे आणि बँकेतून परदेशी पैसे घेणाऱ्या कारागिराचे अर्धे नुकसान होई. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने हे बंधन काढले. एका दिवसात डॉलरचा अधिकृत भाव सुमारे ४,२०० सोमवरून ८,१०० सोम झाला. लोकांना महागाई सोसावी लागली, पण काळा बाजार संपला. २०१८ पासून भारतीयांसह अनेकांना व्हिसा घरबसल्या संगणकावर मिळू लागला. आम्ही गेलो तेव्हा त्याला वीस डॉलर लागले. ताश्कंद ते समरकंद वेगवान रेल्वे २०११ पासून आहे, ती पुढे २०१६ मध्ये बुखाऱ्यापर्यंत गेली. परिणाम असा की २०१७ साली सुमारे २७ लाख परदेशी पाहुणे आले होते, ते २०१९ साली सुमारे ६७ लाख झाले. यात शेजारच्या देशांतून नातलगांना भेटायला येणारेही पुष्कळ असतात, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत.

कारागिरांसाठी 'हुनरमंद' नावाची संघटना १९९७ साली झाली. तिच्या सभासदांना करात सवलत मिळते आणि उस्ताद-शागिर्द पद्धतीला मान्यता आहे. आपल्याकडे उस्तादाजवळ बसून शिकलेल्या मुलाकडे कागद काहीच नसतो.

मात्र तिथले सरकार चुकतही नाही असे नाही. तैमूरचे जन्मस्थान शहरिसब्ज. तिथे जुन्या इमारती उठून दिसाव्यात म्हणून मधला राहता मोहल्ला पाडून बागा आणि फरसबंद रस्ते केले. २०१६ साली युनेस्कोने ते शहर धोक्यातील वारशांच्या यादीत टाकले. आम्ही तिथे दुपारी पोहोचलो. आकसरायच्या भव्य भग्न कमानी होत्या, कारंजी होती, आणि मैलभर सावली नव्हती. जिथे माणसे राहत होती तिथे आता पाहुण्याने चालायचे आणि परत जायचे. त्या मोहल्ल्यात नानवाई असतील, शिंपी असतील. पाहुणा बुखाऱ्यात तीन दिवस थांबतो आणि शहरिसब्जमध्ये तीन तास, याचे कारण आम्हाला तिथे उमगले.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. दिल्लीहून ताश्कंद विमानाने सुमारे तीन तासांवर आहे. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू, मग तो सुझनी भरतकामाचा पडदा असो की तांब्याचे भांडे, परवानगीपत्राशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून 'जुने आहे' असे सांगणाऱ्याकडून कागद मागावा.  घाऊक माल मागवायचा असेल तर कारखान्यात जाऊन नमुन्यावर सही घ्यावी, बाजारातल्या दलालावर भिस्त ठेवू नये.

परत आल्यावर आमच्या दुकानात एक बदल केला आहे. डाव्या फळीवर यंत्रमागाच्या शाली, त्यांवर तसे लिहिलेले. उजवीकडे आमच्या शहरातल्या एका विणकराच्या हातमागाच्या, सध्या फक्त नऊ आहेत. त्याला आगाऊ रक्कम देऊन थंडीच्या हंगामासाठी आणखी सहा सांगितल्या. पहिल्या दोन महिन्यांत उजव्या फळीवरच्या तीन गेल्या आणि डाव्या फळीवरची विक्रीही थोडी घटली. लहान भाऊ म्हणतो, हे परवडणार नाही. हंगाम संपेपर्यंत थांबायचे ठरले आहे. विणकराने एकच अट घातली, की पाहुण्यांना त्याच्या घरी माग पाहायला पाठवावे, पण जुम्याच्या दिवशी नको.